चोकची झडप

थावरूकाकांच्या तळहातावर आडवा पडलेला तो प्लग — बोटभर लांबीचा, वरून पांढऱ्याशुभ्र चिनीमातीचा आणि खाली, जिथं ठिणगी पडते तिथं, काजळाच्या डबीत बुडवून काढल्यासारखा काळा — डोळे मिटले की आधी तोच दिसतो. मग त्यामागून वास येतात... कच्च्या पेट्रोलचा, तापलेल्या रबराचा, काकांच्या खिशातल्या तंबाखूचा. आणि आश्विनातलं कळमनुरीचं ते उन्ह, शेवग्याच्या बारीक पानांतून गाळून उघड्या बॉनेटवर सांडणारं.

"बोट लाव, ताई," काका म्हणाले. मी लावलं. कोरडी, मऊ काजळी बोटाला चिकटली. "साहेब पेशंटची जीभ पाहतात का न्हाई? तशी ही गाडीची जीभ हाय. बराबर असली का विटकरी दिसती. आता सांग, काय म्हणून राहिली?"

"पोट बिघडलंय."

"व्हय! खाऊन राहिली जास्ती, पचून राहिलं कमी." आणि ते असे खदखदून हसले की प्लग हातातून सुटता सुटता राहिला.

माझे वडील कळमनुरीत डॉक्टर होते. शिरड शहापूरपासून सिद्धेश्वरच्या धरणाकडल्या वस्त्यांपर्यंत त्यांना आजाऱ्यांकडे जावं लागे, आणि त्यासाठी आमच्याकडे एक जुनी पांढरी मोटार होती. ती चालवायचे थावरूकाका, गावाबाहेरच्या तांड्यावरचे. त्यांचे आजोबा बैलांच्या पाठीवर मिठाची पोती लादून मुलूख तुडवायचे. काका म्हणायचे, "आज्याचा बैल कडबा खायचा, माझा पेट्रोल पितो, एवढाच फरक." दहा वर्षांच्या मला बाहुल्यांपेक्षा त्या बैलाच्या पोटात काय आहे याचंच वेड होतं, आणि ते वेड हसण्यावारी न नेणारा घरात तो एकच माणूस होता.

दसऱ्यानंतर गाडीचं काहीतरी बिनसलं. पहाटेच्या गारव्यात ती निमूट सुरू व्हायची, गोड चालायची. पण इंजिन तापलं की धक्के खाऊ लागायची, आचके द्यायची, मागं काळा धूर सोडायची, आणि टाकीचा काटा बघता बघता खाली यायचा. वडील चिडायचे. आम्हा दोघांना मात्र — खरं सांगते — एखादं रहस्य हाती लागल्यासारखं झालं होतं! शाळा सुटली की मी दप्तर ओट्यावर भिरकावून थेट गाडीपाशी. एके दिवशी प्लग काढले, चारही काळे. दुसऱ्या दिवशी हवेची जाळी काढून झटकली, ती स्वच्छ निघाली. तिसऱ्या दिवशी काकांनी इंजिन सुरू ठेवलं आणि हवा आत ओढणाऱ्या नळीच्या तोंडावर तळहात जेमतेम टेकवला. त्याबरोबर इंजिन गुदमरून बंद पडलं.

"पाहिलं? हवा आधीच कमी हाय. पेट्रोल तेवढंच, हवा कमी, म्हणून धूर. कोणीतरी हिचं नाक दाबून धरलंय."

"मग सकाळी काहून बरी चालते?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

ते थबकले. माझ्याकडे पाहत राहिले, तंबाखू मळायची विसरून. "हे इचारलं बघ लेकरानं! गार असताना तिला पेट्रोल जास्तीच लागतं. त्यासाठीच तर चोक असतो. बटण ओढलं का झडप मिटती, हवा कमी होती. तापल्यावर मात्र झडप उघडी पाहिजे... रविवारी हिंगोलीला मिस्त्रीकडं नेऊ, हवा न् पेट्रोल जिथं मिसळतं त्या कार्बोरेटरचं तोंड खोलू. तू बी चल."

त्या रात्री आनंदानं मला धड झोप आली नाही.

शनिवारी सकाळच्या शाळेत, बाई फळ्यावर नदीचा उगम काढत असताना, माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. खंडेनवमीला आमच्याकडे गाडीची पूजा झाली होती — चाकांना हळदकुंकू, स्टिअरिंगला झेंडूची माळ. आईनं अवजारांना बांधून उरलेला लाल-पिवळा नाडा माझ्या हाती दिला होता. बाहेरून एवढी सजलेली गाडी, आणि जे खरं काम करतं त्याला काहीच नाही? त्या दुपारी सगळे निजल्यावर मी बॉनेट उघडलं आणि मधोमध दिसणाऱ्या चकचकीत यंत्राची एक नाजूक दांडी शेजारच्या नळीशी सात गाठी मारून आवळून टाकली. वर नमस्कारही केला. ती दांडी चोकच्या झडपेची होती... बटण आत जात होतं, तार वाकत होती, झडप मात्र अर्धी मिटलेलीच राहत होती. नाक मीच दाबून धरलं होतं!

भीती? छे, मला तर आनंदाचं भरतं आलं होतं. मिस्त्रीच्या आधी, काकांच्याही आधी, मला दुखणं सापडलं होतं! घंटा होताच धावत घरी आले, आईच्या शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली. तेलानं, काजळीनं काळा पडलेला नाडा आता ओळखूही येत नव्हता. कापला, आणि झडप टक् करून उघडली. तो आवाज अजून माझ्या कानांत आहे. तशीच काळे हात घेऊन स्वयंपाकघरात शिरले.

"आई, काका कुठायत?"

"काढलं त्याला सकाळी," आई भाकरी थापता थापता म्हणाली. "पेट्रोल विकायचा मेला, आणि त्याजागी रॉकेल ओतायचा. म्हणून तो धूर. हात धू आधी."

मी हात धुतले.

संध्याकाळी वडिलांनी टाकी भरून आणली आणि स्वतः गाडी चालवत शिरड शहापूरला जाऊन आले. धूर नाही, धक्का नाही, काटा जेमतेम हललेला. "पाहिलंस?" ते आईला म्हणाले. "तो गेला आणि गाडी सुधारली. आणखी पुरावा काय हवा?" पुरावा मी माझ्या हातांनी तयार केला होता.

मार बसेल म्हणून मी गप्प राहिले असं वर्षानुवर्षं मनाला सांगत आले. ते खोटं आहे. वडिलांनी मला कधी बोटही लावलं नव्हतं. वडील चुकले आहेत हे त्यांना सांगणारी मला व्हायचं नव्हतं, एवढंच. दिवाळीच्या तोंडावर काका फाटकाशी आले. "साहेब, मी काही केलं न्हाई. एकदा खोलून तर पाहा." वडील म्हणाले, "आता खोलायची गरज नाही." मी दाराआड उभी होते. पाच पावलांवर.

त्यानंतर तालुक्यात कोणी त्यांच्या हाती गाडी दिली नाही. ते ऊसतोडीला जाऊ लागले. मी शिकले, नांदेडला संसार केला, बॅंकेत नोकरी केली. गेल्या आषाढात वडील गेले, आणि मागच्या महिन्यात मी एकटीच तांड्यावर गेले.

काका बाजेवर बसले होते. वाळलेले, पण ओळख पटताच ताठ झाले. मी सगळं सांगितलं, नाड्यापासून. मला वाटलं होतं ते रागावतील, निदान तोंड फिरवतील. पण झडपेचं नाव ऐकताच त्यांचे डोळे लकाकले.

"चोक! अरे देवा... चोक! म्हणून तर गार असताना बरी चालायची! मी आपला इतकी वर्सं समजून राहिलो, कार्बोरेटरातली तेलाची सुई घासली असंल." त्यांनी मांडीवर थाप मारली, हवेत दोन बोटांनी झडप मिटून, उघडून पाहिली, आणि आत हाक दिली, "अगं ए, सापडलं! साहेबाच्या गाडीचं सापडलं!"

काकांची बायको, मावशी, पदराला हात पुशीत बाहेर आल्या. त्या हसल्या नाहीत. मी त्यांनाही पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग नवऱ्याकडे नव्हे, माझ्याकडे पाहत विचारलं, "साहेबाला सांगितलं होतं का, बाई?"

"नाही, मावशी."

काकांची बोटं हवेतच थांबली. मग त्यांनी हात हळूच खाली घेतला. "मरेपर्यंत त्यांच्या मनात मी..." एवढंच म्हणाले.

मावशी चहा टाकायला आत गेल्या. मी कप रिकामा होईपर्यंत बसले.