पारा गुर्जी आणि आईचं दुखणं

आमच्या गुरुजींच्या खिशात शाईच्या पेनाशेजारी थर्मामीटर असायचा. पोटात दुखतंय, डोकं दुखतंय असं कुणी म्हणालं, की तो झटकून त्याच्या तोंडात. पारा अठ्ठ्याण्णवच्या वर चढला नाही तर घरी जायचं नाही. "माणूस खोटं बोलतो, पारा बोलत न्हाई," म्हणायचे. पाथर्डीकडच्या आमच्या गावात त्यांचं नावच पारा गुर्जी पडलं. समोर मात्र कुणाची टाप नव्हती.

वचक होता तशी मायाही होती. आईवडील कोपरगावकडे ऊस तोडायला गेले, की मागे राहिलेल्या आम्हा पोरांना ते आपल्या घरची भाकर खाऊ घालत.

एका साली ऊसतोडीहून आली ती आई गप्पच झाली. चूल नाही, वेणीफणी नाही, भिंतीकडे तोंड करून बसायची. चुलत्यानं देवऋषी आणला. त्यानं डाग द्यायला विळा तापवला. गुरुजी शाळेतून धावत आले आणि दारात आडवे उभे राहिले. "आधी मला डाग दे. बघू माझ्यातलं भूत काय म्हणतंय!" देवऋषी निघून गेला. आई वाचली. त्या दिवसापासून आमच्या दादांना, म्हणजे वडलांना, गुरुजी म्हणतील ते खरं.

घर आणि तान्हा भाऊ सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून मी सातवीतून शाळा सोडली. दादा आईला नगरच्या मोठ्या डॉक्टरकडे नेणार होते. आधी गुरुजींना विचारलं. त्यांनी आईच्या तोंडात थर्मामीटर ठेवला. अठ्ठ्याण्णव. "भूत न्हाई, तसा आजारबी न्हाई. कामाला लावा, बोलायला लागंल."

"गुर्जी, आई आजारी हाय," मी म्हणाले.

"कशावरून?"

"लेकरू रडलं तरी उचलत न्हाई."

"हातपाय धड हायेत की तिचे."

"हातपाय हायेत. आई न्हाई."

गुरुजी हसले. "शाळा सोडली आन् वकील झाली व्हय गं?" दादाही हसले. नगरला जायचं राहिलं.

पण शाळा सुटली तरी गुरुजींनी मला सोडलं नाही. दर रविवारी घरी येऊन वाचायला लावत. आज हे चार शब्द लिहिते ते त्यांच्यामुळेच. धडा संपला की मी आईचा विषय काढायची. एकदा ते चिडले, "मनाला आजार असतो म्हणलं, की देवऋषी म्हणंल मीच बरा करतो. मग त्याला दार उघडून देऊ?"

बहात्तरचा दुष्काळ पडला. सडकेचं काम निघालं, तिथल्या मस्टरवर गुरुजींनीच आईचं नाव चढवलं. त्यांच्या शब्दाखातर ती रोज उठून खडी फोडायला जाई. मला वाटलं, मीच चुकले. मग चैत्रातल्या एका दुपारी बाया भाकरी खायला कडुलिंबाच्या सावलीत गेल्या आणि आई खडीच्या ढिगावर उन्हात तशीच बसून राहिली. हाक मारली तर म्हणाली, "येते." आली नाही. उचलूनच घरी आणली. गुरुजी धावत आले. पारा एकशे सहावर गेला होता. "गाडी जुंपा! बाई आजारी हाय!" ते ओरडले. तिच्याबद्दल हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच उच्चारला. गाडी शिवेपर्यंत पोचायच्या आत आई गेली.

तेराव्याला गुरुजी म्हणाले, "ऊन लागलं तिला."

"लिंब धा पावलांवर हुता, गुर्जी. ती उठली का न्हाई?"

त्यांनी पुस्तक माझ्यापुढं सरकवलं. "वाच." मी वाचलं. तो विषय आम्ही परत काढला नाही.

लग्न होऊन मी इतक्या लांब, जबलपूरला आले. एस.टी.पर्यंत पोचवायला गुरुजी आले होते. कोऱ्या पोस्टकार्डांचा गठ्ठा हातात देऊन म्हणाले, "खुशाली कळवत जा." त्यांचे डोळे भरले होते.

हल्ली सकाळी मला अंथरुणातून उठवत नाही. इथली बोली अजून जिभेवर बसत नाही, सांगावं तर कुणाला? मागच्या महिन्यात एका कार्डावर लिहिलं, 'गुर्जी, आईला झालं तेच मला होतंय.' ते फाडून टाकलं. दुसऱ्यावर लिहिलं, 'आम्ही सगळे खुशाल आहोत.'

त्यांचं उत्तर आलं. 'तुझी प्रकृती उत्तम असल्याचे वाचून जीव भांड्यात पडला.'