गोळी लागू पडली हे आम्हाला कसं कळलं

माझ्या नातीला एडीएचडी आहे असं चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा माझ्या मुलाने सगळ्यात आधी माझ्याकडे पाहिलं. जसं काही मीच ते माहेरून आणलं होतं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की मुलगी हुशार आहे, फक्त तिचं लक्ष एका जागी टिकत नाही आणि हातपाय थांबत नाहीत. आता हे तर आम्हाला ती रांगायला लागली तेव्हापासून माहीत होतं. सुनेने मग डॉक्टरांना खरं जे विचारायचं होतं ते विचारलं. कोणत्या उपायाने बरं वाटेल?

डॉक्टर म्हणाले, "ते आधीच सांगता येत नाही, बाई. एकाच गोळीने एक मूल शांत बसतं, दुसरं रडतं, तिसऱ्याला काहीच होत नाही. तुमचं मूल कोणतं, ते देऊनच कळेल."

मला हा माणूस तिथंच आवडला. एवढं शिकून 'माहीत नाही' म्हणणारा! आमच्या ब्रह्मपुरीत असा माणूस शोधून सापडायचा नाही. आम्ही बसमधून उतरून घरी पोहोचलो नाही, तोच शेजारचे कंडक्टर भाऊ अंगणात हजर. आयुष्यभर एसटीत तिकिटं फाडली, आता निवृत्त होऊन निदान करतात. त्यांनी गोळी न बघताच सांगून टाकलं, की पोरगी दिवसभर झोपून राहील. मुलगा म्हणाला, गोळीची गरजच नाही, मीही असाच होतो. सून म्हणाली, म्हणूनच गरज आहे. आणि मी म्हणाले, पोरगी मुकी होईल, देवळातल्या दगडी नंदीसारखी बसून राहील. सगळ्यांचे अंदाज पक्के. एकट्या डॉक्टरांचाच तेवढा कच्चा.

हसण्यावारी नेत होतो, पण आत एक काटा होता. शाळेतून सारख्या तक्रारी येत होत्या आणि सुनेने ठरवलं होतं, की उन्हाळ्यापर्यंत फरक पडला नाही तर पोरीला नागपूरला तिच्या मावशीकडे ठेवायचं. तिथं मोठी शाळा, मोठे डॉक्टर. पोरीने हे दाराआडून ऐकलं. रडली नाही. मला एवढंच विचारलं, "आजी, मावशीच्या घरी चढाले झाड हाये का वं?" मावशी राहते तिसऱ्या मजल्यावर. मी म्हटलं, जिना हाये.

डॉक्टरांनी पहिला उपाय दिला तो पोरीला नव्हताच, आम्हालाच होता. तिला एका वेळी एकच काम सांगायचं, थोडक्यात सांगायचं, केलं की लगेच शाबासकी द्यायची. सुनेला जमलं. मुलाला जमलं. राहिले मी. मी पोरीला तांब्याभर पाणी आण म्हणायला तोंड उघडते, तर ते वाक्य वाटेत माझ्या लग्नात जाऊन येतं, तिथं न्हाव्याशी झालेलं भांडण सांगतं आणि पाण्यापाशी पोचेपर्यंत पोरगी पेरूच्या झाडावर असते. शेवटी तीच मला शिकवायला लागली. मी बोलायला लागले की एक बोट वर करायची. एकच! शाबासकीही मलाच द्यायची, वरून.

घरी फरक पडला. दप्तर जागेवर, ताट उचललेलं. शाळेत मात्र तेच. मग गोळी सुरू झाली, आणि ती काय करते ते बघायचं काम माझ्याकडे आलं: जेवते किती, झोपते कशी, हसते का.

शाळेत ती बसायला लागली. बाईंनी कौतुक केलं. पण डबा भरलेला परत यायचा आणि संध्याकाळी पोरगी भिंतीला टेकून उगाच मुसमुसायची. माझा अंदाज खरा निघत होता. पण खरं सांगते, जिंकण्यात इतका कमी आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. मुलगा म्हणाला, बंद करा. सून म्हणाली, बंद केली तर नागपूर. त्या दिवशी दोघंही जेवले नाहीत.

चंद्रपूरला परत गेलो. डॉक्टरांनी आम्हा तिघांना गप्प बसवलं आणि पोरीलाच विचारलं. ती म्हणाली, "मले आजीची खोडी काढाची इच्छाच नाई होत." डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाले, ही गोळी हिची नाही, दुसऱ्या जातीची देऊ, पण ती लवकर रंग दाखवत नाही, धीर धरा. धीर आमच्या गल्लीत कोणाकडे आहे? कंडक्टर भाऊ रोज कुंपणावरून विचारायचे, काही झालं का. काही झालं नाही. पोरगी पुन्हा जेवू लागली, हसू लागली, शाळेतून पुन्हा तक्रार आली. उन्हाळा जवळ आला. सुनेने माळ्यावरची बॅग उतरवून पुसून ठेवली. मी ती पुन्हा वर ठेवली. तिने पुन्हा उतरवली.

मग एका दुपारी मी जेवून पानाची चंची सोडली, सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि दात लावला. माझी उरलेली दाढ जागच्या जागी हलली. दुसरं खांड टाकलं, तेही तसंच. चंचीतली सगळी सुपारी गायब आणि तिच्या जागी चिंचोके. भाजलेले, सोललेले, माझ्याच अडकित्त्याने सुपारीएवढे कातरलेले. एक मोठा नाही, एक लहान नाही. पडवीत पोरगी लोळून हसत होती.

सून लाटणं हातात घेऊनच बाहेर आली. मी तिला चंची दाखवली. तिने दोनचार तुकडे तळहातावर घेतले. पोरीच्या आजवरच्या सगळ्या खोड्या अर्ध्यावर सुटलेल्या. मिठाचा डबा साखरेच्या जागी ठेवायची आणि साखरेचा कुठे ठेवला ते विसरायची.

"हे तू एकटीनं केलं?" सुनेने विचारलं.

"हो."

"उठली नाई मधात?"

"चिंचोके संपल्यावर उठली."

सून तिथंच खाली बसली. माझ्या दाढेची कोणी चौकशी केली नाही. मुलगा आला, त्याने एकेक तुकडा उजेडात धरून पाहिला, जसे काही मोती आहेत. कंडक्टर भाऊ कुंपणावरून म्हणाले, मी तर सांगतच होतो. काय सांगत होते, ते मी विचारलं नाही.

पुढे शाळेतूनही बरं कळायला लागलं, हळूहळू, मधूनच एखादी तक्रार. डॉक्टर म्हणाले, हीच चालू ठेवू, पण बघत राहा, पुढे बदलूही शकतं. पण सुनेने त्याची वाट पाहिली नव्हती. चिंचोके निघाले त्याच संध्याकाळी तिने नागपूरला फोन लावला आणि बहिणीला म्हणाली, "बाई, पोरीसाठी पलंग घ्याचं राहू दे. पोरगी इथीच राह्यते." पोरगी माझ्या मांडीवर डोकं ठेवून ऐकत होती. मी तिच्या केसांतून हात फिरवला, आणि दुसऱ्या हाताने चंची कमरेला घट्ट बांधली.