नाते नसल्याचे हमीपत्र

बापाने पहार उचलली तेव्हा मुलगी खोलीच्या कोपऱ्यात मुटकुळे करून बसली होती आणि तिचा भाऊ तिच्यावर पालथा पडला होता. पहिला घाव भावाच्या पाठीत बसला, दुसरा खांद्यावर, तिसरा नेम चुकून भिंतीला. आई तोवर दारात निपचित पडली होती. ती पुन्हा उठली नाही. शेजाऱ्यांनी हा सगळा प्रकार भिंतीपलीकडून नीट ऐकला आणि आवाज पूर्ण थांबल्यावर, म्हणजे वाचवण्यासारखे फारसे काही उरले नव्हते तेव्हा, पोलिसांना बोलावण्याचे कर्तव्य पार पाडले. बाप तुरुंगात गेला. मुले निराधार मुलांच्या संस्थेत गेली: भाऊ मुलग्यांच्या इमारतीत, बहीण मुलींच्या. दोहोंच्या मध्ये काटेरी तारेचे कुंपण होते.

संस्थेत तिचे नाव मुकादम पडले. सकाळी नळावर बादल्यांचा क्रम ती लावी आणि क्रम मोडणाऱ्या मुलीच्या डोक्यात तीच बादली घाली. एका थोराड मुलीचा पुढचा दात तिने असाच पाडला होता. त्यानंतर नळावर जी शिस्त नांदली तिचे श्रेय अधीक्षकांनी वार्षिक अहवालात स्वतःकडे घेतले.

भाऊ अठरा वर्षांचा झाला त्या दिवशी त्याला कपड्यांची एक पिशवी आणि जबाबदार नागरिक होण्यासंबंधी एक भाषण देऊन फाटकाबाहेर सोडण्यात आले. बाहेर पडणाऱ्या मुलांना एकविसाव्या वर्षापर्यंत दरमहा अनुदान देण्याची तरतूद तेव्हाही होती. अर्जासाठी राहण्याचा पत्ता लागे. पत्त्यासाठी खोली लागे, खोलीसाठी अनामत लागे, आणि अनामतीसाठी ते अनुदान लागे. ज्यांनी हे नियम रचले ते काही मूर्ख नव्हते. त्यांनी आयुष्यातला एकही दिवस पत्त्यावाचून काढला नव्हता, इतकेच. भाऊ मालमोटारींच्या तळावर झोपला, हमाली करू लागला, आणि पुढे उधारी वसूल करणाऱ्या एका माणसाकडे लागला. काम सोपे होते. दार वाजवायचे आणि उघडले की मारायचे.

तीन वर्षांनी मुकादम बाहेर पडली तेव्हा तिचे नशीब जरा बरे निघाले. संस्थेच्या खिडक्या मुले फोडत आणि काचवाले काका बसवत. दोन्हीकडचा धंदा असा अनेक वर्षे सुरळीत चालू होता. काकांनी तिला हाताखाली काच कापण्याचे काम शिकायला घेतले, दुकानावरची खोली दिली आणि पत्त्याचा दाखला लिहून दिला. तेवढ्या एका कागदावर तिचे अनुदान सुरू झाले. त्यातून खोलीचे भाडे जाई, जेवण होई आणि शिकण्याचा काळ निभावून जाई. शिकून झाले की काका पगार देणार होते. अनुदान मध्येच तुटले तर खोली सुटणार आणि तळावरची ती जागा तिच्याही वाट्याला येणार, हे तिला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

भाऊ दुकानात आला तो हसतच.

"काय मुकादम, ओळख आहे का गरिबाची?"

"दादा!" तिने हातातली मोजपट्टी खाली टाकली.

"ऐश आहे बाबा एका माणसाची. सरकार घरी बसवून पोसतंय."

"घरी कुठे? सकाळपासून उभी आहे. पाय बघ."

"पाय दाखवू नकोस, पाकीट दाखव." तो काकांकडे वळून म्हणाला, "काका, हिच्यासाठी पहार खाल्लीय मी. पाठीवर अजून खड्डा आहे. म्हटलं, खड्डा भरायला काही मिळतंय का बघावं."

विनोद म्हणून काका हसले. मुकादम हसली नाही. तो खड्डा तिने पाहिलेला होता. तिने पहिल्या अनुदानातले निम्मे त्याच्या हातावर ठेवले.

पुढल्या खेपेस त्याला सगळेच हवे होते. ती नाही म्हणाली. त्याने भर रस्त्यात, दुकानासमोर, तिच्या कानाखाली अशी वाजवली की ती फळीवर ठेवलेल्या आरशांवर जाऊन आदळली आणि दोन आरसे फुटले. रस्त्यावरची माणसे थांबली, त्यांनी पाहिले, आणि पाहून झाल्यावर ती आपापल्या कामाला गेली. काका हातात लांब लाकडी पट्टी घेऊन धावत बाहेर आले.

"पुन्हा इकडे फिरकलास तर तंगडी मोडीन!"

"मोडा की," भाऊ शांतपणे म्हणाला. "पण काका, दुकान काचेचं आहे तुमचं. जरा जपून बोला."

काकू मात्र दुसऱ्याच गोष्टीने हैराण झाल्या होत्या. या मुलीला दार लावायची सवयच नव्हती. संस्थेत एकच खोली अशी होती जिचे दार बंद होई. शिक्षा झालेल्या मुलाला तिथे डांबत. बंद दार म्हणजे शिक्षा, हे ज्यांच्या हाडात मुरलेले असते त्यांना आतून कडी घालणे जमत नाही. त्यांचा जीव घुसमटतो. मुकादम रात्रीसुद्धा दार सताड उघडे टाकून झोपे.

"अगं, चोराला निमंत्रण धाडतेस की काय?"

"चोरानं न्यायचं काय, काकू? तो स्टोव्ह? त्यानं पेटवून दाखवला तर मीच बक्षीस देईन त्याला."

सुट्टीच्या दिवशी काका-काकू लेकीकडे गेले होते. दुकान बंद होते. भर दुपारी मुकादम जेवायला बसली होती आणि दार नेहमीसारखे उघडे होते. भाऊ आत आला. त्याच्या मागोमाग वसुलीवरचे त्याचे दोघे साथीदार आले. ज्याचा सारा धंदा दार उघडण्यावर चालतो त्याला इथे दार वाजवावेसुद्धा लागले नाही.

"कुठे ठेवलेत?"

"भाडं दिलं. संपले."

त्याने लाथेने ताट उडवले. साथीदारांनी गादी फाडली, कपाट पालथे घातले, स्टोव्ह भिंतीवर फेकला. तिने एकाच्या मनगटाला कडाडून चावा घेतला. त्याने तिचे डोके जमिनीवर आपटले. मग भावाने तिच्या छातीवर गुडघा रोवला आणि तिचा उजवा हात धरून करंगळी मागे वाकवली.

"दादा, नको. त्याच हातानं कापते मी."

"माहीत आहे," तो म्हणाला आणि त्याने बोट मोडले.

आपले बोट मोडल्याचा आवाज तिने ऐकला. पुढच्या बोटावर त्याची पकड बसली तेव्हा तिचा डावा हात भिंतीलगतच्या फळीखाली गेला. सरावाचे काचेचे तुकडे ती तिथे ठेवी. हाताला लागला तो तुकडा तिने घट्ट धरला आणि त्याच्या हातावर कोपराखालून मनगटापर्यंत ओढला.

रक्ताची चिळकांडी उडाली ती थेट छताला. साथीदारांची मैत्री तेवढ्या रक्ताला पुरली नाही. दोघे जिना उतरून पसार झाले. भाऊ आपल्या हाताकडे बघत खाली बसला.

"मारलंस मला," तो नवल वाटल्यासारखा म्हणाला.

तिचा तळवाही चिरला होता. तिने क्षणभर दाराकडे पाहिले. निघून जाणे सहज शक्य होते. थोड्या वेळाने सगळा प्रश्नच मिटला असता. तिने टॉवेल दातांत धरून फाडला, त्याचा दंड आवळून बांधला, आणि ज्याने मघाशी बोट मोडले त्यालाच खांद्याचा आधार देत रस्त्यावरून दवाखान्यात नेले. वाटेत तो तिला शिव्या देत होता. ती म्हणत होती, "दे, दे. बोलत राहा, म्हणजे डोळे मिटणार नाहीत."

हात वाचला, पण आतली नस तुटली होती. मूठ पुन्हा वळणार नव्हती. हवालदाराने विचारले तेव्हा भावाने लगेच सांगितले, "बहिणीनं कापलं."

अनुदानाची देखरेख करणाऱ्या मॅडम तातडीने आल्या आणि तिला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "हे बघ, तो काचेवर पडला असं सांग. तुझ्यावर पोलीस केस झाली तर वर्तणुकीच्या अटीत अडकशील. पैसे बंद होतील."

"आणि माझं बोट?"

"तूही पडलीस."

संस्थेत मुलांना कधी मार बसत नसे. ती नुसती पडत. जिन्यावरून पडत, न्हाणीघरात पडत, आणि डॉक्टर तसे लिहून घेत. मुकादमने मॅडमकडे पाहिले.

"मॅडम, मी पडले तर त्यानं मारलं नाही असं होईल. त्यानं मारलंय. आणि मीही मारलंय. दोन्ही लिहू द्या."

दोन्ही लिहिले गेले. दोघांवरही गुन्हा दाखल झाला आणि चौकशी होईपर्यंत तिचे अनुदान थांबवण्यात आले. मोडलेल्या बोटाने काच कापता येईना. काकांनी भाडे मागितले नाही, पण काकू जिन्यावर ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाल्या, "असं किती दिवस चालणार?" त्यांचेही चुकले नव्हते. आरसे त्यांचेच फुटले होते.

चौकशी समितीपुढे तिला उभे करण्यात आले. खुर्च्या समितीपुरत्याच होत्या. अध्यक्ष चहा ढवळत होते.

"तुझ्याबद्दल चांगला अहवाल आहे. पण हा भाऊ म्हणजे तुझ्या प्रगतीतला अडथळा आहे."

"साहेब, हे पैसे त्याला का नाही मिळाले?"

"त्याने अर्ज केला नाही."

"त्याला पत्ता नव्हता."

"पत्ता नसेल तर अर्ज कसा करणार?" अध्यक्षांनी मनापासून आश्चर्य व्यक्त केले. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

"मग आता द्या. त्याचा हात गेलाय."

"आता त्याचं वय उलटलं." त्यांनी एक कागद पुढे सरकवला. हमीपत्र होते. या इसमाशी आपला कोणताही संबंध राहणार नाही, त्याला आसरा, अन्न किंवा पैसे दिल्याचे आढळल्यास अनुदान कायमचे रद्द व्हावे, असा मजकूर होता. "सही कर. पुढच्या महिन्यापासून सुरू."

तिने मजकूर पुन्हा एकदा वाचला. तिच्या डोळ्यांपुढे मालमोटारींचा तळ आला, त्याच्या पाठीवरचा खड्डा आला, आणि तिच्या छातीवर रोवलेला त्याचा गुडघा आला. तिन्ही खरे होते. करंगळी वळत नव्हती म्हणून सही वेडीवाकडी आली. अध्यक्षांनी ती जुन्या सहीशी ताडून पाहिली आणि समाधान पावले.

भाऊ समितीच्या खोलीबाहेर भिंतीला टेकून उभा होता. त्याचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता.

"काय म्हणाले?"

"सुरू करताहेत."

"बरं झालं." तो खरेच तसे म्हणाला. मग इकडेतिकडे बघत पुटपुटला, "मला आता कामावर कोणी ठेवत नाही. एका हाताचा माणूस कुणाला घाबरवणार? आज जेवायचं काहीतरी..."

"दादा, मी लिहून दिलंय. तू माझा कोणी नाहीस."

तो हसला. "लिहून? कुणाच्या पेनानं?"

"साहेबांच्या."

त्याने डाव्या हाताने तिच्या तोंडावर ठोसा मारला. ओठ दातांवर फाटला. ती पडली नाही. तिने त्याचा गळ्यातला हात पकडला आणि टाक्यांवर अंगठा रोवून दाबत राहिली. तो ओरडत गुडघ्यांवर बसला, तरी ती दाबतच राहिली. आतून शिपायाने दार लोटून घेतले. पुढच्या प्रकरणाच्या कामकाजात व्यत्यय येत होता.

तिने हात सोडला. पट्टीवर लाल डाग पसरत होता. तो फरशीवर कपाळ टेकून लहान मुलासारखा हुंदके देत होता. ती खाली वाकली, आणि तशीच पुन्हा सरळ झाली. खिशातला हात तिने रिकामाच बाहेर काढला.

दुपारी एका इमारतीच्या खिडक्या बसवायच्या होत्या. काका वाट पाहत असतील. ती जिना उतरू लागली. तोंड रक्ताने भरले होते. ते तिने गिळले, कारण भिंतीवर थुंकण्यास सक्त मनाई असल्याचे लिहिलेले होते आणि अनुदान अजून सुरू व्हायचे होते.