ते काळीज कोणाचं
स्पिरिटचा वास आला की मला जालन्यातली ती दुपार आठवते. धाकट्या बहिणीला तिसरा महिना होता आणि बदनापूरहून मीच तिला सोनोग्राफीला घेऊन गेले होते. जुळं आहे म्हटल्यावर ती हसली. डॉक्टरीणबाई मात्र पडद्याकडे बघतच राहिल्या, मग हळूच म्हणाल्या, "दोघं छातीला जोडलेली आहेत. काळीज एकच आहे. जगायची न्हाईत." बहिणीनं विचारलं, "मंग ते काळीज कोणाचं म्हणायचं?" बाईंनी पोटावरचा जेल पुसायला तिच्या हातात कागद दिला. चार दिवसांनी गर्भ काढावा लागला. घरी परतताना गाडीत ती एवढंच बोलली, "अक्का, एकमेकांच्या तोंडाकडं बघत होती ना ती दोघं?" मी हो म्हणाले. पडद्यावरचं मला काहीच कळलं नव्हतं, पण आजही तिनं विचारलं तर मी होच म्हणेन.