महेश्वरीचं न पोचलेलं 'नको'

तुमच्या फोनवर 'हॅलो' ऐकू आलं म्हणजे फोन चालू आहे, हे तुम्हाला कुणी शिकवलं?

रागावू नका. हाच प्रश्न मी टॉवरवर आलेल्या माणसाला विचारला, फोन कंपनीच्या पोराला विचारला, ग्रामपंचायतीत टेबलावर हात आपटून विचारला. सगळ्यांचं उत्तर एकच. "कॉल लागतोय ना ताई? मग?"

या 'मग'चं उत्तर आमच्या वस्तीवर दोन खोल्यांच्या घरात राहतं. महेश्वरी तिचं नाव.

वस्ती माकणीच्या पुढं, धरणाच्या अंगाला. महेश्वरीला जन्मापासून ऐकू येत नाही. गाव तिला मुकी म्हणतं. मी म्हणत नाही, कारण इतकी बोलघेवडी बाई मी दुसरी बघितली नाही. ती हातानं बोलते एवढंच. माहेरी तिला शाळेत घातलं नाही, त्यामुळं अक्षर येत नाही. नवरा शंभुलिंग, तोही बहिरा. पण तो मूकबधिरांच्या निवासी शाळेत राहिलेला, मोडकंतोडकं लिहितो-वाचतो. हाताची भाषा तिला त्यानं दिली. थोडी शाळेतली, बाकीची दोघांनी मिळून घरातच केलेली.

त्यांची पोरगी सृष्टी. तिला चांगलं ऐकू येतं. तिचं नाव घ्यायचं तर डाव्या गालावर दोन बोटं टेकवायची, कारण तान्ही असताना काजळाचं गालबोट तिथं लावायचे. आणि सृष्टी 'आई' म्हणायची ती मनगटाभोवती बोटं फिरवून. बांगड्या. बांगड्या म्हणजे आई. तोंडानं पहिला शब्द बोलायच्या आधी पोरगी हे बोलली होती.

कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम तिचं. उंबऱ्यात खेळता खेळता ती बोटं वर करायची. तिसरं बोट वर झालं की महेश्वरी गॅस बंद करणार. चार वर्षांचं लेकरू, पण त्या घराचा कान होतं.

शंभुलिंग चाकणला कारखान्यात. दिवेलागणीला त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. महेश्वरी फोन चहाच्या डब्याला टेकवून ठेवायची, मागं सरकायची, बल्बचा उजेड अंगावर येईल अशी बसायची. दोन्ही हात मोकळे. तुम्ही-आम्ही फोन कानाला लावतो तेव्हा एक हात अडकतो, आपलं काही बिघडत नाही. तिचा एक हात अडकला की ती तोतरी होते. मग दोघांचं सुरू व्हायचं. म्हैस किती दूध देते, सासूनं आज काय टोमणा मारला, चाकणच्या डब्यातली भाजी कशी पाण्यासारखी. सासू कमलबाई चुलीपाशी बसून म्हणायच्या, "झाली बाई सुरू, पाखरं हाकलायला!" ज्वारीत गोफण घेऊन उभं राहिल्यागत दिसायचं खरं. कमलबाईंना त्यातलं काही कळायचं नाही, आणि ते महेश्वरीला फार आवडायचं. सासूदेखत सासूची गाऱ्हाणी सांगता येणारी आख्ख्या तालुक्यात तीच एक.

मग टॉवरचं नेट गेलं. ज्वारी गुडघ्याला आली होती तेव्हाची गोष्ट. आवाजाचे कॉल आणि साधे मेसेज चालू होते, बाकी जवळजवळ सगळं बंद. पोरं रील बघायला पुढच्या गावाला, सास्तूरला, जाऊ लागली. मोठ्या घरांत वायफाय होतं, तिथं महेश्वरीला कोण बसवून घेणार? कुणाचंच काही अडलं नाही. महेश्वरीची जीभ तेवढी कापली गेली.

तुम्ही म्हणाल, मेसेज करायचा. अक्षर येत नाही, सांगितलं मी. तुम्ही म्हणाल, व्हिडिओ काढून पाठवायचा. तिनं काढले. रोज काढले. प्रत्येकाखाली ती बारकी घड्याळाची खूण यायची आणि तिथंच बसायची. फोटो एखादा जायचा, पण थांबलेल्या हाताला काय अर्थ? तुम्ही एका अक्षरावर तोंड उघडं ठेवून बसा आणि बघा समोरच्याला काय कळतं.

आता नवरा-बायकोतलं सगळं बोलणं बोलणाऱ्यांच्या तोंडातून जाऊ लागलं. इकडं कमलबाई, तिकडं शंभुलिंगच्या खोलीतला जोडीदार मल्हार. कमलबाई मल्हारला फोनवर सांगणार, मल्हार शंभुलिंगला खुणेनं नाहीतर टाइप करून. मल्हार पोरगं वाईट नाही. पण बारा तास मशीनवर उभं राहिलेलं माणूस दुसऱ्याचं बोलणं किती जपून नेणार?

त्यातच परंड्याहून नणंद आली. महादेवी, शंभुलिंगची थोरली बहीण. नवरा एसटीत वाहक, दोन पोरं शाळेत. येळवस, म्हणजे वेळा अमावस्येचा शेतातला सण, चार दिवसांवर आलेली, दर वर्षी ती येळवशीला माहेरी येतेच. तिनं सृष्टीला विचारलं, "आंबील आवडती का गं तुला?" सृष्टीनं हातानंच सांगितलं, लई.

महादेवीनं तिथूनच कमलबाईंना हाक मारली. "आई, ही पोरगी मुकी व्हायली. तोंड दिलंय देवानं आन् हातानं सांगती! माझ्याकडं राहू दे. पोरांत राहिली की बोलंल चुरूचुरू."

कमलबाईंच्या मनात हे आधीपासून होतंच. अंगणवाडीतल्या बाईही म्हणाल्या होत्या, की ही कविता हातानं म्हणते. दोघींनी मल्हारला फोन लावला. "शंभूला सांग, महादेवी सृष्टीला शिकायला नेतीय. महेश्वरीबी व्हय म्हणालीय."

महेश्वरीला कुणी विचारलंच नव्हतं.

तिकडं शंभुलिंगनं हातानं जे सांगितलं ते असं, आणि हे त्यानं नंतर मला लिहून दिलं: 'ती हो म्हणत असेल तर ठीक.' मल्हारनं एवढं सगळं एका 'हो'त कोंबून पाठवलं. झालं. नवऱ्याचा होकार बायकोच्या होकारावर, बायकोचा होकार हवेत, आणि पोरीचे फ्रॉक पिशवीत.

पिशवी बघितल्यावर महेश्वरीला कळलं. ती माझ्या दारात आली. फोन माझ्या तोंडासमोर धरला. व्हिडिओमागून व्हिडिओ, प्रत्येकात गालावर दोन बोटं, मग तळहात जोरानं आडवा. गालावर बोटं, तळहात आडवा. हे कळायला कुठली शाळा लागत नाही. सृष्टी, नको. सृष्टी, नको. आणि प्रत्येकाखाली घड्याळ.

मी मल्हारला फोन लावला. बंद. शिफ्टला जाताना फोन गेटवर जमा करावे लागतात. मल्हार पुढंही सापडला नाही, आणि शंभुलिंगला टाकलेला साधा मेसेज जाहिरातींच्या ढिगात पडून राहिला. मग फोन कंपनीच्या तक्रार नंबरावर लावला. गाणी ऐकवून ऐकवून एक पोरगा बोलला.

"मॅडम, नंबर कुणाच्या नावावर आहे?"

"महेश्वरी नाव आहे. माझ्या शेजारी बसल्यात."

"तक्रार ग्राहकानं स्वतः द्यावी लागते. त्यांना फोन द्या."

"त्यांना ऐकू येत नाही. बोलता येत नाही. त्याचीच तर तक्रार आहे, बाबा."

"ठीक आहे मॅडम. मग त्यांनी फक्त 'हो' म्हटलं तरी चालेल."

मी कपाळाला हात लावला. पण महेश्वरीला उमजलं काय ते. तिनं माझ्या हातातून फोन घेतला, लोक धरतात तसा कानाला लावला, आणि छातीतून जोर काढून आवाज केला. एकदा. दोनदा. मी स्पीकर लावला तेव्हा तो पोरगा म्हणत होता, "आपला आवाज स्पष्ट येत नाही. कृपया चांगलं नेटवर्क असलेल्या ठिकाणी येऊन पुन्हा कॉल करा."

त्याला मी काय काय म्हणाले ते इथं छापता यायचं नाही. संध्याकाळी मेसेज आला, आपली तक्रार बंद करण्यात आली आहे, सेवा कशी वाटली, तारे द्या.

तिथून मी कमलबाईंकडं गेले. "तिला विचारलं का तुम्ही?"

"मंजुषा, बाप व्हय म्हणलाय तिचा. तू कोण गं मधी?"

"आई नको म्हणतीय तिची."

"आईला काय कळतंय? उद्या पोरीचं लगीन व्हायचंय, का आयुष्यभर शिट्ट्या मोजत बसू दे तिला?" मग आवाज खाली आला त्यांचा. "म्या दोन मुक्यांत म्हातारी झाले, बाई. घरात हाक मारली तर ओ देणारं एकच हाय. तीबी मुकी झाली तर?"

मी उंबऱ्यातूनच मागं फिरले.

सास्तूरला नेट आहे हे ठाऊक होतं. पण महेश्वरीला एकटीला रस्त्यानं जाऊ देत नाहीत. मागून हॉर्न वाजला तर तिला कळणार कसं? आणि दुसऱ्या दिवशी येळवस. सुनेनं आंबिलीची घागर, बिंदगा म्हणतात आमच्यात, डोक्यावर घेऊन शेतात जायचं, कडब्याच्या खोपीत पूजा मांडायची, आल्यागेल्याला सगळ्या भाज्यांची मिळून केलेली भज्जी वाढायची. ती सगळं करत होती आणि सृष्टीला नजरेआड होऊ देत नव्हती. महादेवी म्हणाली होती, येळवस झाली की दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं जाणार.

म्हणून येळवशीच्या दुसऱ्या दिवशी, उजाडल्या उजाडल्या, मी तिला स्कूटीवर मागं बसवलं. सृष्टी झोपली होती.

सास्तूरच्या चौकात स्कूटी उभी केली आणि तिच्या फोनवर घड्याळं पुसली जाऊ लागली. एकेक व्हिडिओ सुटला. साठलेले सगळे 'नको' एकापाठोपाठ चाकणला जाऊन पडले. थोड्याच वेळात कॉल आला. शंभुलिंग रात्रपाळी करून नुकताच आलेला, डोळे लाल. महेश्वरीनं फोन माझ्या हातात दिला, मी धरून उभी राहिले, आणि भर चौकात दोघं बोलू लागली. दूध घालायला आलेली माणसं थांबून बघत होती. एक म्हणाला, "नाटक हाय का?" मी फक्त त्याच्याकडं बघितलं. तो गेला.

मग माझ्या फोनवर शंभुलिंगचा मेसेज. 'थांबवा. मी नाही म्हणतो. आईला सांगा.'

स्कूटी किती पळवली ते विचारू नका.

घरी कमलबाई एकट्या. पिशवी नव्हती. "पैल्या गाडीनं गेली महादेवी. ही घरी असती तर रडारड झाली असती."

महेश्वरीनं आतली खोली बघितली, न्हाणी बघितली, गोठा बघितला. मग परत आतली खोली.

मी महादेवीला फोन लावला. तो मात्र लगेच लागला, आवाज एकदम खणखणीत. "आता गाडीत बसलोय की मंजुषाताई. तुम्ही काळजी करू नका. उन्हाळ्यात आणून सोडते. खिडकीत बसलीय, मजेत हाय." मागून पोरीचा आवाज येत होता. मी तो महेश्वरीला ऐकवू शकत नव्हते.

मी गप्प बसले नाही. पोलिसांत गेले. "पोरगी आत्याकडं शिकायला ठेवली, यात गुन्हा काय?" तहसिलीत गेले. तिथंही तेच, फक्त खुर्ची चांगली. टॉवर पुढं दुरुस्त झाला, माझ्या अर्जांनी नाही. एका बड्या शेतकऱ्याच्या पोराचं लग्न मोबाइलवर लाइव्ह दाखवायचं होतं. त्यानं वरती दोन फोन लावले आणि दोन दिवसांत नेट आलं.

होळीला शंभुलिंग सुट्टी काढून परंड्याला गेला. पोरीला घेऊन येणार म्हणून महेश्वरीनं कुकर घासून ठेवला होता. तो एकटाच आला. मी त्याला अंगणात गाठलं, वही पुढं केली. त्यानं लिहिलं, 'ती बोलते. पाढे. सगळे खुश. शाळेत नाव घातले.' खाली अजून एक ओळ लिहिली आणि खोडली. खोडलेलं मी वाचलं. 'आमच्याकडे येऊन काय बोलणार.'

त्याला मी मनातल्या मनात शिव्या दिल्या, आणि त्याही पुरल्या नाहीत.

आता नेट आहे. रविवारी महादेवी व्हिडिओ कॉल लावते, हे तिचं मला कबूल केलंच पाहिजे. गेल्या रविवारी मी तिथं होते. महेश्वरीनं फोन चहाच्या डब्याला टेकवला, पदर सारखा केला, बल्बखाली बसली. पडद्यावर सृष्टी. वेण्या, रिबीन, हात मांडीखाली दाबलेले. पहिले पहिले तिचे हात वर यायचे तेव्हा महादेवी टपली मारायची, 'हात खाली, तोंडानं सांग.' आता सांगावं लागत नाही.

महेश्वरी बोलू लागली. म्हशीला रेडी झाली. तुझा लाल फ्रॉक मी ठेवलाय. शेपूची भाजी खाल्लीस का. हात भराभर चालले होते, बांगड्या वाजत होत्या, ज्या तिला कधी ऐकू आल्या नाहीत. सृष्टी बघत राहिली. मग मान वळवून तिनं बाजूला विचारलं,

"आत्या, ही काय म्हणती?"

महेश्वरीनं ओठ हललेले बघितले. तिला आनंद झाला. माझ्याकडं वळून तिनं भुवया उंचावल्या: काय म्हणाली?

मी मान हलवली आणि हसले. दुसरं काय करणार होते? कुकरजवळ आता महेश्वरी शिट्टी वर उडताना डोळ्यांनी बघत उभी असते. जिथल्या तिथं, हलत नाही.

म्हणून तुम्हाला एक मागते. अर्ज नको, मोर्चा नको, ते मी करून बसलेय. तुम्ही परंड्याचे असाल, आणि पाचेक वर्षांची एखादी पोरगी हात मांडीखाली दाबून ओट्यावर बसलेली दिसली, तर थांबा. तिच्याशी तोंडानं बोलू नका, तोंडानं बोलणारे तिला पुष्कळ आहेत. तिच्यासमोर उकिडवे बसा, आणि आपल्या मनगटाभोवती दोन बोटं फिरवून दाखवा. तिचा हात बाहेर आला, तर मला कळवा. आणि नाही आला, तर दुसऱ्या दिवशी परत जाऊन परत दाखवा.