नत्थुजींनी पोळ्यात आणलेली अमेरिका

भातकुलीच्या अलीकडे दोन कोसांवर राहणाऱ्या नत्थुजींनी उभ्या आयुष्यात अमरावती आणि अकोला सोडून तिसरं शहर पाहिलं नव्हतं, पण अमेरिकेबद्दल ते असं बोलत, जणू तिथे त्यांची सासुरवाडी आहे. दोष त्यांचा नव्हता. साल होतं १८६४. अमेरिकेतले लोक आपसात लढत होते, त्यांचा कापूस विलायतेला जायचा थांबला होता आणि वऱ्हाडच्या कापसाला असा भाव आला होता की गावातली रडकी माणसंसुद्धा झोपेत हसत. ती लढाई लवकर मिटू नये म्हणून गावात कुणीतरी मारुतीला नारळ बोललं होतं. कोण ते सांगत नाही, पण नारळ नत्थुजींच्या घरून गेला होता.

अमेरिकेची सगळी माहिती त्यांना इनायतुल्लांकडून मिळे. इनायतुल्ला अमरावतीच्या बाजारात एका गोऱ्या व्यापाऱ्याचे दुभाषी होते. साहेब दुपारी झोपला की ते गाड्यांच्या सावलीत येऊन बसत आणि साहेबाकडून ऐकलेलं गाडीवाल्यांना सांगत. नत्थुजींचा कापूस विकून झाला तरी गाडी हलत नसे, कारण गोष्ट अर्धी राहिलेली असे.

एकदा इनायतुल्लांनी जुन्या काळची गोष्ट सांगितली. शंभर वर्षांमागे अमेरिकेवर विलायतेच्या राजाचं राज्य होतं, पण गावगाडा हाकायची ती तंबाखूच्या मळ्यांची पाच-दहा घराणी. सोयरीक आपसात, भांडण आपसात, आणि राजाच्या कचेरीत बसायचा मानही आपसातच. मात्र त्या मानासाठी लोकांची मतं घ्यावी लागत. दोन मळेवाले टेबलामागे बसायचे, एकेक माणूस समोर येऊन मोठ्यानं नाव घ्यायचा, आणि ज्याचं नाव घेतलं तो उठून आभार मानायचा. त्याआधी दोघेही गावाला पोटभर खाऊ घालत आणि त्याहून जास्त पाजत. सभ्यपणा असा, की एकमेकांविरुद्ध उभे राहिलेले दोघे स्वतःचं मत एकमेकांना देत.

"अन् ज्यायच्या हातानं तंबाखू निघे, त्यायले इचारत का?" नत्थुजींनी विचारलं.

"वो तो गुलाम थे नत्थुजी. विकत घेतलेली माणसं. त्यायले कोन इचारते?"

नत्थुजी घरी येऊन हे सगळं बायकोला, मनकर्णाबाईंना सांगत सुटले. बाईंनी गुलामांचं ऐकून चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि त्या म्हणाल्या की असल्या लोकांचा सभ्यपणा त्यांच्यापाशीच राहू द्या. पण नत्थुजींच्या डोक्यात टेबल शिरलं होतं, ते निघेना.

त्याला कारण होतं चांद्या. चांद्या हा त्यांचा म्हातारा बैल. रेल्वे अजून अमरावतीपर्यंत पोचली नव्हती, म्हणून विकलेला कापूसही गाड्यांतून अकोल्याच्या वाटेनं पोचवावा लागे. गेल्या उन्हाळ्यात त्याच वाटेवर, बोरगावच्या अलीकडे, चांद्याचा जोडीदार पवळ्या बसला तो उठला नाही. तेव्हापासून चांद्या मागच्या पायानं लंगडत असे आणि गोठ्यात डावी बाजू मोकळी सोडून उभा राही. कुणाचाही बैल तिथे आणला की शिंग उगारी. नव्या पैशानं गावात नवे बैल आले, त्यांच्या गळ्यांत नव्या घागरमाळा आल्या. चांद्याला पुढचा पोळा दिसायचा नाही, हे नत्थुजींना कळत होतं. एकदाच, शेवटचं, त्यानं तोरणाखालून सगळ्यांच्या आधी जावं, एवढं त्यांना हवं होतं.

आणि तेच होण्यासारखं नव्हतं. तोरणाखालून पहिली जोडी पाटलाची जायची. खुशालराव पाटलांच्या सात पिढ्यांचा तो मान. म्हणून नत्थुजींनी चावडीत अमेरिका काढली. मान राहू द्या, म्हणाले, पण यंदा पहिली जोडी कुणाची, हे एकदा गावाला विचारून तर पाहा. सूर्यभान नावाचे त्यांचे चुलतभाऊ तिथेच होते. या माणसाले कापूस चढला, एवढंच ते म्हणाले.

खुशालराव मोठे मिश्कील. त्यांनी मिशीवरून हात फिरवत विचारलं, "जेवू कोन घालते?"

"दोघंबी," नत्थुजी म्हणाले.

"मंग होऊन जाऊ द्या."

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी पाटलाकडे पुरणपोळी आणि दुपारी नत्थुजींकडे रोडगे-वांगी झाली. पाजण्याच्या बाबतीत नत्थुजींना श्रावण आडवा आला, म्हणून त्यांनी दोन रांजण ताक ठेवलं. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या मळेवाल्यांच्या मतदारांना जी तरतरी येत असेल, तिच्या नेमकी उलट अवस्था गावाला आली. लोक चावडीपुढे आले ते डोळे अर्धे मिटूनच.

टेबल गावात नव्हतं. नत्थुजींनी गाडीची फळी दोन दगडांवर ठेवली. मागे घोंगडीवर एका बाजूला पाटील, दुसऱ्या बाजूला ते स्वतः. पहिलं मत पाटलांचं. त्यांनी सभ्यपणाची गोष्ट ऐकली होती. ते म्हणाले, नत्थुजी. नत्थुजी उठले, त्यांनी नीट घोकलेले आभार मानले आणि मग त्यांना आठवलं की आता आपल्याला पाटलाचं नाव घ्यावं लागणार. त्यांनी ते घेतलं. चावडीपुढे बांधलेल्या चांद्याकडे मात्र त्यांना बघवलं नाही.

एकास एक झालं आणि तिथेच अमेरिका थांबली. गावातला प्रत्येक माणूस कुणाचा तरी मेहुणा, कुणाचा तरी व्याही. सकाळी ज्याची पुरणपोळी खाल्ली, त्याच्या तोंडावर दुपारचे रोडगे गोड होते असं कोण सांगणार? एक जण म्हणाला, दोघेही आपलेच. दुसरा म्हणाला, घरी विचारून येतो. सूर्यभान उभे राहिले, बराच वेळ उभे राहिले आणि ताक मिळेल का म्हणून विचारून खाली बसले. बाकी सगळे पायाच्या अंगठ्याकडे पाहत होते. उद्या पाटलाची जोडी जाणार आणि चांद्या बाविसाव्या नंबरावर लंगडत येणार, हे नत्थुजींना दिसू लागलं.

तेवढ्यात ताकाचा गडवा घेऊन आलेल्या मनकर्णाबाई चावडीच्या खांबाशी थांबल्या. म्हणाल्या, "आमाले कोनी इचारलं नाही, तरी मी सांगते. कापूस आमी बायांनी वेचला."

पाटील हसले. "सांगा ना वैनी. नाव घ्या."

सगळे पुढे सरकले. नवऱ्याचं नाव बाई कशी घेणार, या गमतीपुढे कुणाची झोप उरली नाही. मनकर्णाबाईंनी गडवा फळीवर ठेवला.

"मान मानसाचा नाही, बैलाचा आहे. माहं मत चांद्याले."

मग सूर्यभान उठले आणि मोकळ्या आवाजात म्हणाले, "माहंबी चांद्याले." माणसाविरुद्ध बोलायची ज्यांची छाती नव्हती, त्यांना बैलाचं नाव घ्यायला काय झालं? कुणी चांद्यानं आपली रुतलेली गाडी कशी ओढली ते सांगितलं, कुणी तो न हाकता घरी कसा येई ते. एकानं पाटलाच्या सर्जाला मत दिलं, तो पाटलाचा सालदार होता. प्रत्येक मताला नत्थुजी उठून आभार मानत होते, शेवटी उठबस करून त्यांची कंबर धरली.

खुशालरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "नत्थुजी, तोरनाखालून जोडी जाते. तुमचा दुसरा बैल कोनता?"

महिनाभर नत्थुजींनी फळी शोधली, आभार घोकले, ताक घुसळून घेतलं. पण जोडी लागते हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढे चांद्या तोरणाखालून जायचा तेव्हा डावीकडे पवळ्या असायचाच.

पाटील त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांची थट्टा कुठेतरी विरून गेली. म्हणाले, "सर्जा घेऊन येतो मी उद्या. आता चांद्यानं त्याले उभं राहू दिलं पायजे."

दुसऱ्या दिवशी तोरणापाशी सगळा गाव जमला होता. खुशालरावांनी सर्जाला चांद्याच्या डावीकडे आणलं. चांद्यानं शिंग फिरवलं. नत्थुजींनी त्याच्या मानेवर हात ठेवला. चांद्यानं सर्जाची मान हुंगली, खांदा हुंगला, बराच वेळ हुंगला. मग तो अर्धं पाऊल उजवीकडे सरकला.

पाटलाच्या हातात सर्जाचा कासरा, नत्थुजींच्या हातात चांद्याचा. जोडी तोरणाखाली आली आणि तिथेच थांबली. चांद्यानं मान वर केली आणि तोरणाची आंब्याची पानं सावकाश खायला सुरुवात केली. मागे एकवीस जोड्या खोळंबल्या, वाजंत्री थकले, पाटील अवघडून हसले. कासरा ओढायला सगळे सांगत होते. नत्थुजींना तेवढं ऐकू येत नव्हतं.

"खाऊ द्या," ते म्हणाले. "निवडून आला आहे तो."