चौथ्या होलचं वळण

आमच्या नगरपालिकेच्या जुन्या गोल्फ मैदानावर तिकीट काढून कोणीही खेळू शकतं. मीही निवृत्तीनंतर तिथेच शिकलो. नऊ होलांपैकी, म्हणजे चेंडू मारत खळग्यापर्यंत न्यायच्या पट्ट्यांपैकी, आठ सरळ आहेत. चौथं मात्र मध्येच डावीकडे वळतं, कारण वाटेत एक विहीर आहे आणि तिच्याकडे जाणारी पायवाट मैदान ओलांडते. इंग्रजांनी मैदान आखलं तेव्हा पाणी भरणाऱ्या बायकांनी ही वाट सोडायला साफ नकार दिला, असं गावात सांगतात. शेवटी साहेबालाच नकाशा वाकवावा लागला. तेव्हापासून पायवाटेवर माणूस दिसलं की खेळणाऱ्याने काठी खाली घ्यायची, हा इथला रिवाज.

आज माझ्याबरोबर पुण्याचे एक पाहुणे होते. त्यांनी नेम धरला, तोच विहिरीपलीकडच्या वस्तीतल्या सुमनबाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन पायवाटेवर आल्या.

"बाईंना जरा भरभर चालायला सांगा ना," पाहुणे वैतागले.

"ते नाही जमायचं," मी म्हणालो. "मैदान नंतर आलंय."

घरोघरी नळ आले, विहिरीवर आता घागर दिसत नाही. गालिच्यासारखी मैदानं जगात पुष्कळ असतील. पण चार बायकांच्या 'नाही'ने वळलेलं मैदान आमचंच, आणि ते दाखवताना माझी छाती अजून फुगते.

सुमनबाई संथपणे पलीकडे गेल्या. आम्ही काठ्या खाली धरून उभे होतो, पण त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही. स्वतःच्या अंगणातून जाताना कोण वळून बघतं?